बियाण्याचं तळं

आमच्या घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की माशांची तळी सुरू होतात. बांधावरून चालत गेलं की एकामागून एक लागत जातात. सगळ्यांत जवळचं, पत्र्याच्या छपराखालचं छोटं सिमेंटचं तळं आहे ते बियाण्याचं. त्यातले मासे आम्ही विकत नाही. त्यांची अंडी धरायची, म्हणजे पोटातून हलकेच काढून घ्यायची, ती उबवायची आणि निघालेली पिल्लं बाकीच्या तळ्यांत वाढवायची, असं आमचं काम. ते छोटं तळं आहे म्हणून बाकीची तळी आहेत, आणि तळी आहेत म्हणून घरात चूल पेटते.

हे तळं माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. कागदोपत्री नव्हे, कामानं. आम्हां दोघींचे नवरे गेले, माझ्या मुलानं धंदा हातात घेतला, पण बियाण्याच्या तळ्यात न विचारता हात घालायची त्याची अजून छाती होत नाही. खाद्य जाऊबाई घालणार, पाणी त्या बदलणार, आणि कुठल्या मादीचं पोट अंड्यांनी कधी भरलं हे त्या नुसत्या पोहण्यावरून सांगणार. मासा हातात घ्यायचा तर ओल्या फडक्यात, झोळीतल्या बाळासारखा. कोरड्या हातानं कुणी धरला तर त्याला दिवसभर ऐकून घ्यावं लागतं.

जाऊबाईंचं दुसरं वेड स्वच्छतेचं. आमच्या घरात केळंसुद्धा साल काढायच्या आधी धुतलं जातं. एकदा आलेल्या पाहुण्यांनी चष्मा काढून ओट्यावर ठेवला, तर जाऊबाईंनी तो भांड्यांबरोबर घासून पालथा घातला. मुलगा त्यांना तोंडावर 'मोठी आई' म्हणतो आणि पाठीमागे 'सफाई खातं'. त्यांना ते ठाऊक आहे. "खातं आहे म्हणून घर आहे," असं त्या मला म्हणतात, त्याला म्हणत नाहीत.

माशांना रोग आला तो लांबच्या मोठ्या तळ्यात. आधी अंगावर नखाएवढा लाल डाग, मग खवलं उचकटायचं, मग तिथं उघडी जखम. असे मासे पाणी आत येतं त्या तोंडाशी येऊन नुसते उभे राहायचे. हे आम्हांला नवीन नव्हतं. मुलानं दुकानातून नेहमीचं औषध आणलं, खाद्यात कालवलं. पूर्वी त्यानं मासे आठवड्यात खडखडीत बरे व्हायचे. ह्या वेळी काही झालं नाही. दुकानदारानं दुसरं, महागाचं औषध दिलं. त्यानंही काही झालं नाही. रोज सकाळी मुलगा जाळीनं मेलेले मासे काढायचा आणि जाळी धुऊन चहाला यायचा.

मग मी माझ्या भाचीला बोलावलं. ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. माशांच्या आजारांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती असते. ती आली ती बर्फाची पेटी आणि कापसाच्या काड्या घेऊन. जखमांवरून काड्या फिरवल्या, बाटल्यांत घातल्या, आणि काही दिवसांनी पुन्हा आली तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

"मावशी, औषधं बदलून उपयोग नाही," ती म्हणाली. "ह्या जंतूंना औषधाची सवय झालीय."

"सवय म्हणजे कशी?"

"सासुरवाडीला मुरलेल्या जावयासारखी. कितीही टोमणे मारा, तो आपला ताटावरून हलत नाही."

मुलगा पहिल्यांदा हसला. "मग जावयाला काढायचा कसा?"

"त्यानं कधी न ऐकलेलं काहीतरी बोलून. तेच तर मी शोधतेय." मग तिनं आम्हांला समजावलं. पाण्यात वाढणाऱ्या प्रत्येक जिवाला, झाडाला, शेवाळाला असे जंतू त्रास देतात. त्यातले काही स्वतःच्या बचावासाठी अंगातच काहीतरी तयार करतात. ते काय आहे आणि कुणाकडे आहे एवढं सापडलं की दुकानातल्या औषधाची गरज नाही. "सापडेलच असं नाही," असंही ती म्हणाली. तिची ही गोष्ट मला आवडते. ती खोटा धीर देत नाही.

चहा पिऊन ती बांधावर फिरायला गेली ती अगदी शेवटच्या तळ्यापर्यंत. ते आम्ही टाकलेलं तळं. त्याची पाणी सोडायची मोरी फुटली होती, दुरुस्तीला सवड नव्हती, आणि पाणवेल माजून पाणी दिसेनासं झालं होतं. थोडे मासे त्यात राहून गेले होते, त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. भाचीनं मुलाला तिथं जाळं टाकायला लावलं. वर आलेल्या माशांच्या अंगावर जखमांचे जुने वण होते, पण जखमा भरून आलेल्या. खवलं नव्यानं आलेलं.

"ह्यांना काय औषध घातलंत?"

"ह्यांना कोण घालतंय," मुलगा म्हणाला. "ह्यांना तर खाद्यसुद्धा आठवलं तर."

तिनं एका माशाचे वण एकेक करून मोजले. मग तिनं पाणवेलीचा एक झुबका तोडला, पिशवीत कोंबला आणि गेली.

पुढच्या आठवड्यात तिनं फोनवर फोटो पाठवला. काचेच्या बशीत आमच्याच माशांच्या जखमेतले जंतू वाढवलेले, त्यांचा दुधट थर पसरलेला, आणि मध्ये कागदाची एक गोल टिकली. टिकली पाणवेलीच्या रसात बुडवलेली. तिच्याभोवती स्वच्छ कडं पडलं होतं, जंतूंनी जागा सोडून दिल्यासारखं. मी फोटो जाऊबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, फोन पुसला आणि मग पाहिला.

"हे पाणवेलीनं केलं?"

"ती म्हणतेय तसं."

"मग ती घासफूस म्हणून उपटून फेकायची नाही आता," त्या मुलाला म्हणाल्या. त्यांच्या तोंडून घासफुशीबद्दल चांगला शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

भाचीला आता पोतंभर पाणवेल हवी होती. थोड्या रसावर पुढचं काम होत नव्हतं. मुलानं कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती काढली आणि मागच्या अंगणात आणून टाकली, सकाळी पाठवायची म्हणून. चिखल, गोगलगाई, पानांवर बुळबुळीत हिरवट थर, आणि वास असा की मांजरसुद्धा लांबून गेलं. जाऊबाईंनी ते पाहिलं आणि बाह्या सरसावल्या.

"हे असं पाठवायचं तिच्या साहेबांपुढे? ह्याचं औषध व्हायचंय, माझ्या माशांच्या पोटात जायचंय."

आम्ही दोघी बसलो. त्यांनी एकेक पान मिठाच्या पाण्यात बुडवून, मऊ ब्रशनं दोन्ही बाजूंनी घासलं. मी विसळत होते. खालून पाणी नितळ येईपर्यंत त्यांनी सोडलं नाही. मग सगळी पानं स्वच्छ चादरीवर सावलीत पसरली. मला अजून ते दृश्य आठवतं. पानं अशी लकाकत होती की वाटलं, ह्यातूनच बरं होणार सगळं. पोतंसुद्धा नवं घेतलं.

त्या पोत्यातून काहीच निघालं नाही. भाचीनं रस काढला, घट्ट केला, पातळ केला, नाना परीनं करून पाहिलं. टिकलीभोवती कडं पडेना. तिच्या साहेबांनी सांगितलं की पहिल्या वेळी बशीत दुसरं काहीतरी पडलं असेल, असं होतं, आता पुढच्या झाडाकडे वळा. तिनं हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज लहानपणी पडून गुडघा फुटल्यावर यायचा तसा येत होता, रडायचं नाही असं ठरवलेला.

आणि त्याच सुमाराला एका सकाळी जाऊबाई ओल्या फडक्यात एक मादी धरून स्वयंपाकघराच्या दारात आल्या. फडकं थोडं बाजूला करून दाखवलं. कल्ल्याच्या मागे नखाएवढा लाल डाग.

हा मोठ्या तळ्यातला मासा नव्हता. हा बियाण्याचा.

मुलगा माशांच्या डॉक्टरांना भेटून आला. मग जेवताना म्हणाला, "मोठी आई, तळं रिकामं करावं लागेल."

"का?"

"अंडी धरायच्या आत करावं लागेल. आजारी मासे अंड्यांतून पिल्लांना रोग देणार, पिल्लं सगळ्या तळ्यांत जाणार. मग एकही तळं राहायचं नाही. मासे चुना टाकून पुरायचे, तळं सुकवायचं, बाहेरून नवं बियाणं आणायचं. माशांच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं."

"तुझं पोट दुखलं तर तुला पुरायचं का?"

"मी अंडी घालत नाही, मोठी आई."

त्या हसल्या नाहीत. भात निवून गेला तरी ताटावर बसून राहिल्या. चूक त्याची नव्हती. तो बोलत होता ते बरोबरच होतं, आणि जाऊबाईंनाही ते कळत होतं. त्याच मासळीच्या आया आणि आज्या त्यांनी आपल्या हातानं निवडल्या होत्या, कुठली झपाट्यानं वाढते, कुठली थंडी सोसते, कुठली चांगली आई होते हे बघत. बाहेरून आणलेलं बियाणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून करायला त्यांच्याकडे आता आयुष्य नव्हतं. हे त्या बोलल्या नाहीत. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं एका चुलीवर काढली आहेत, मला न बोललेलं ऐकू येतं.

मुलानं एवढंच कबूल केलं की पाणी तापून माद्यांची पोटं अंड्यांनी भरेपर्यंत थांबू. चुन्याच्या गोण्या मात्र त्यानं आणून छपराच्या कडेला रचल्या. जाऊबाई रोज त्यांना वळसा घालून खाद्य द्यायला जायच्या.

भाची स्वतः आली. फोनवर नाही, समोर बसून माफी मागायची होती तिला. येतानाच ती बांधावरून शेवटच्या तळ्यावर जाऊन आली होती आणि हातात पाणवेलीचा ठिबकता झुबका होता, एकदा शेवटचं करून बघू म्हणून. स्वयंपाकघरात आली आणि तिनं तो तसाच ओट्यावर ठेवला.

"अगं, काय हे," जाऊबाईंनी झडप घातली. "घाण सगळी माझ्या ओट्यावर."

"असू द्या काकू, मी उचलते."

"तू बस. तोंड बघ कसं झालंय. चहा घे." आणि बोलता बोलता त्यांनी नळ सोडला, ब्रश घेतला आणि पानं घासायला लागल्या. "ह्याच्यावरचा हा चिकटा जाता जात नाही बघ. मागच्या वेळेला तर एवढं पोतं, बोटं बुळबुळीत झाली होती माझी. मिठाचं पाणी घेतलं तेव्हा कुठं सुटलं."

भाचीनं कप तोंडाला लावला होता. तिनं तो हळूच खाली ठेवला.

"काकू, मागचं पोतं तुम्ही धुतलं होतं?"

"मग? तसंच पाठवू?"

"सगळं?"

"एकेक पान. हिला विचार, ही विसळायला होती."

मी मान हलवली. भाची उठली आणि तिनं नळ बंद केला. जाऊबाईंच्या हातातला ब्रशही काढून घेतला. ह्या घरात असं कुणी कधी केलं नव्हतं. "पहिला झुबका मी न धुता नेला होता," ती म्हणाली. "पिशवीतून काढला आणि तसाच वाटून रस काढला. मी मूर्ख. मी पाणवेल तपासत बसले. ते पाणवेलीत नाहीच आहे. तिच्यावर राहतंय कुणीतरी."

जाऊबाई स्टुलावर बसल्या, ओले हात मांडीवर. "म्हणजे औषध मीच धुऊन टाकलं," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातानं."

"काकू, ऐका."

"माझ्या माशांचं औषध मी मोरीत सोडलं."

भाची त्यांच्यासमोर फरशीवर बसली. "ऐका तर. तुम्ही धुतलं नसतं तर मला परत कडं दिसलं असतं, आणि मी म्हटलं असतं, पाणवेलीचंच औषध आहे. मग दोन वर्षं मी पाणवेल उकळत बसले असते. कधी कडं पडलं असतं, कधी नसतं, आणि का ते कळलं नसतं. धुतलेलं पान आणि न धुतलेलं पान, दोन्ही समोर ठेवायला हवी होती. ते आमच्या अख्ख्या प्रयोगशाळेत कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुम्ही केलंत."

"मी काही मुद्दाम नाही केलं."

"आम्हीसुद्धा बऱ्याच गोष्टी मुद्दाम करत नाही, काकू. नंतर लिहिताना तसं दाखवतो."

जाऊबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. तेवढं मला पुरलं.

त्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरात एक अजब काम चाललं होतं. जाऊबाई जुन्या कुंच्यानं पाणवेलीवरचा चिकटा हलक्या हातानं खरवडून बरणीत गोळा करत होत्या, एक थेंब सांडू न देता. शेजारी अर्धी पानं त्यांच्या पद्धतीनं घासून ठेवलेली. भाचीनं दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मला अक्षरं उशिरा, केस पिकल्यावर आली, म्हणून मी छापील किंवा लिहिलेलं काहीही दिसलं की मोठ्यानं वाचते. मी वाचलं, 'धुतलेली', 'न धुतलेली'. मुलगा दारात उभा होता. "मोठी आई, घाण सांभाळून ठेवताना बघायला मिळालं," तो म्हणाला, "आता माझं सगळं बघून झालं."

"चुना हलव आधी तिथला," त्या म्हणाल्या, मान वर न करता.

त्यानं हलवला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं बियाण्याच्या तळ्याचं पाणी बाकी तळ्यांपासून तोडलं, वेगळी जाळी, वेगळी बादली केली, आणि म्हणाला, "ह्या वर्षी अंडी नाही धरायची. बाहेरून थोडी पिल्लं आणून वर्ष काढतो. तोवर तिला करू दे काय ते." ते वर्ष आम्हांला ओढगस्तीचं गेलं. त्यानं ते एकदाही बोलून दाखवलं नाही. मी त्याची आई आहे म्हणून नाही सांगत, पण त्या वर्षाबद्दल मी त्याचे उपकार मानते.

बशांमध्ये जे दिसलं ते भाचीनं म्हटल्यासारखंच होतं. धुतलेल्या पानाभोवती काही नाही, चिकट्याभोवती कडं. मग त्या चिकट्यात राहणारे जीव वेगवेगळे करायचे, एकेक वाढवून बघायचा. ते फार चेंगट काम. शेवटी एक जंतू सापडला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, जो पाणवेलीवर आपली वस्ती राखण्यासाठी काहीतरी सोडतो आणि रोगाचे जंतू त्याच्या आसपास फिरकत नाहीत. पाणवेल त्याला जागा देते, तो तिला आणि तिच्याभोवती फिरणाऱ्या माशांना राखतो. हे ऐकून जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे भाडेकरू आहे. बरा दिसतोय."

आधी भाचीनं त्या जंतूनं सोडलेल्या रसाचं द्रावण केलं, ते प्रयोगशाळेतल्या माशांना देऊन पाहिलं, त्यांना अपाय होत नाही हे बघितलं. मग आमच्याकडे टाक्या मांडल्या. बियाण्याचे आजारी मासे अर्धे एका टाकीत, अर्धे दुसरीत, एकीच्या खाद्यात ते द्रावण, दुसरीच्या खाद्यात नाही. दुसऱ्या टाकीत कोण जाणार हे जाऊबाईंनाच ठरवायला सांगितलं तेव्हा त्या तशाच उभ्या राहिल्या. भाचीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चांगले इकडे, वाईट तिकडे असं नको, काकू. डोळे मिटून उचला." त्यांनी डोळे मिटले आणि उचलले.

सगळे वाचले असं नाही. औषधाच्या टाकीतलेही काही गेले, त्यात जाऊबाईंची सगळ्यांत जुनी मादीही होती. तिला त्यांनी स्वतः बांधाच्या कडेला पुरलं आणि घरी येऊन कांदा चिरला. पण बाकीच्यांच्या जखमा कोरड्या पडल्या, कडेनं नवं खवलं येऊ लागलं, आधी पारदर्शक, मग रंग धरणारं. दुसऱ्या टाकीतल्यांच्या जखमा तशाच होत्या. भाचीनं मोजमाप पुरं केलं आणि त्यांनाही तेच खाद्य सुरू केलं. त्यातलेही बरेच उठले. तिनं पुन्हा कापसाच्या काड्या फिरवून तपासलं, थांबून पुन्हा तपासलं. रोगाचा जंतू निघाला नाही. लांबच्या मोठ्या तळ्यातही मग तेच खाद्य गेलं. मग मुलानं एका सकाळी चुन्याच्या गोण्या गाडीत भरून नेल्या. कुठं नेल्या ते मी विचारलं नाही.

भाचीचं काम छापून आलं तेव्हा ती एक प्रत घेऊन आली. ते आमच्या भाषेत नव्हतं. तिनं शेवटची ओळ आमच्यासाठी आपल्या भाषेत खाली लिहून आणली होती. त्यात साहेबांचे, प्रयोगशाळेचे आभार होते, आणि 'पानं काळजीपूर्वक धुणाऱ्या काकूंचे'. मी बोट ठेवून वाचली. जाऊबाईंनी पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "काळजीपूर्वक हे बरं लिहिलंय तिनं."

पाणी पुन्हा तापलं तसं माद्यांची पोटं भरली. मुलानं जाऊबाईंना विचारलं, अंडी धरायची का. त्यानं विचारलं आणि उत्तर येईपर्यंत उभा राहिला. त्या तळ्याच्या काठावर बसून पाण्यात बघत होत्या. "ती कडेची घे आधी," त्या म्हणाल्या. "हळू धर."

अंडी उबवायच्या ट्रेमध्ये पाणी खेळत होतं. एका सकाळी जाऊबाईंनी मला हाक मारली, आणि हाक अशी होती की मी हातातलं टाकून गेले. ट्रेमध्ये पिल्लं सुटली होती. प्रत्येकाला दोन काळे डोळे आणि मागे हलणारा केसासारखा धागा, बस. इतकी, की पाणीच हलतंय असं वाटावं. जाऊबाई वाकून त्यांच्या अंगावर कुठं डाग आहे का ते बघत होत्या. फार वेळ बघत होत्या. मग त्यांनी नुसती मान हलवली. नव्हता.

मला पुष्कळ बोलायचं होतं. त्या चादरीवर पसरलेल्या पानांबद्दल, भाचीबद्दल, माझ्या मुलाच्या त्या वर्षाबद्दल, टाकलेल्या तळ्यात स्वतःसाठी काही न मागता राहणाऱ्या त्या न दिसणाऱ्या जिवाबद्दल.

"जाऊबाई," मी म्हटलं, "तुमचे आभार कसे मानू?"

"नंतर मान," त्या म्हणाल्या. "आत्ता जरा बाजूला हो. उजेड अडतोय."

मी बाजूला झाले.